डोनलच्या गाडीचा रंग

आमचा चंद्रहास, म्हणजे माझा नवरा, आयर्लंडमध्ये ट्रलीच्या हॉस्पिटलात भुलीचा डॉक्टर. पेशंट त्याच्यावर जीव टाकतात. घरात मात्र तोंड उघडायचं म्हणजे ह्याच्या अगदी जिवावर येतं. परीक्षेत नापास झाला, ते मला तीन आठवड्यांनी कळलं, तेही त्याच्या मित्राच्या बायकोकडून! आणि बाबांशी, म्हणजे माझ्या सासऱ्यांशी, 'जेवलात का'च्या पुढे बोलणं नाही.

२००३ साली शेजारच्या डोनल ओशेचा खुबा मोडला. म्हातारा एकटा. त्याची शेड गळायची, म्हणून त्याची जुनी एमजी गाडी आमच्या शेडमध्ये आली. पासष्ट सालची, दोन सीटची, उघड्या टपाची, हिरवी. ती घ्यायला डब्लिनहून एक शौकीन येणार होता. त्या पैशांत डोनल खालच्या मजल्यावर न्हाणीघर बांधून स्वतःच्या घरात राहणार होता. नाहीतर वृद्धाश्रम ठरलेला. गाडीला भाव होता तो एकाच गोष्टीमुळे: अडतीस वर्षांत तिच्यावर दुसरा रंग चढला नव्हता. चंद्रहासला हे सगळं माहीत होतं. आम्हाला सांगितलं एवढंच, की रविवारी गिऱ्हाईक येतंय. आणि साहेब चार दिवस कॉर्कला कोर्सला गेले.

बाबा, दत्तात्रयराव, दापोडीच्या एसटी वर्कशॉपमध्ये तीस वर्षं पेंटर होते. गाडीवरून हात फिरवत म्हणाले, "प्रमोदिनी, रविवारी दसरा. गिऱ्हाईक येणार आणि गाडी अशी पारोशी? चंदूच्या भरवशावर ठेवलीय त्यांनी." मला ते अगदी पटलं. रंगाच्या दुकानात त्यांना मीच घेऊन गेले, कंप्रेसरही मीच भाड्याने आणला. माझंही डोकं कुठे चरायला गेलं होतं कोण जाणे! बाबांनी सगळा जुना रंग घासून काढला आणि नुसत्या नजरेने छटा जुळवून नवा मारला. वर्कशॉपमध्येही दसऱ्याला असंच करायचे म्हणे.

शनिवारी चंद्रहास आला. गाडी बघून पांढराफटक पडला. म्हणाला काय? "छान झालीय, बाबा." आणि वर येऊन रडत मला सगळं सांगितलं. मी त्याला नाही नाही ते बोलले. आत्ताच्या आत्ता खाली जाऊन सांग म्हटलं, तर गेला नाही.

रविवारी डोनल वॉकर घेऊन आला. बाबांनी गाडीला हार घातला, नारळ फोडला. गिऱ्हाईक एकदा गाडीभोवती फिरलं, दारावर बोट टेकवलं, चहा घेतला आणि सॉरी म्हणून गेलं. डोनल बाबांचा हात हातात घेऊन "ग्रँड जॉब" म्हणाला. मग हळूच चंद्रहासला म्हणाला, "त्या वृद्धाश्रमाचा फोन नंबर आहे का रे तुझ्याकडे?"

बाबांना इंग्रजी जेमतेम कळतं, पण माणसं कळतात. डोनल गेल्यावर त्यांनी सरळ विचारलं, "चंदू, माझं काय चुकलं?" तेव्हा कुठे ह्याने सांगितलं. सगळं. खाली मान घालून.

बाबांनी गाडीवरचा हार काढून हातात घेतला.

"अरे, जन्मभर रंगातच होतो ना मी? कंपनीचा मूळ रंग काय असतो, हे या घरात माझ्याइतकं कुणाला कळतं? एकदा सांगितलं असतंस तर मी त्या गाडीला कुणाला हातसुद्धा लावू दिला नसता."