हात उचलण्याआधी

टायपिंगवाले चाचा गिऱ्हाइकाशी भांडल्याशिवाय टाइप करायला बसत नसत. रजिस्ट्री ऑफिसच्या भिंतीला लागून त्यांचं टेबल, वर निळी ताडपत्री. शेजारच्या दुकानांत कॉम्प्युटर आले, दहा मिनिटांत कागद हातात पडू लागला. घाईतली माणसं तिकडेच जायची. कारण चाचा सही करणाऱ्याला समोर बसवून मसुदा मोठ्यांदा वाचत आणि एखाद्या जड इंग्रजी क्रियापदापाशी थांबून विचारत, "मतलब? तुझ्या तोंडानं बोल." उत्तर आलं नाही की मशीनवरचे हात काढून घेत.

"बाकी सगळी भरती असते," ते म्हणायचे. "तू काय करायलीस ते एकाच लफ्जात असतं. लिवणारा तोच लफ्ज मधी लपवतो." एकदा पाचोडकडच्या एका मेंढपाळ म्हाताऱ्याला त्याचा पुतण्या अंगठ्यासाठी घेऊन आला होता. उत्तरं पुतण्याच देऊ लागला. "तू गप," चाचा कडाडले, "अंगठा त्याचा, जबान बी त्याचीच चालंल." म्हातारा बिचारा म्हणाला, "मला तर वाटलं, रेशनचा कागद हाय." पुतण्याला चाचांनी भर रस्त्यात अशा शिव्या घातल्या की चहावाला आधण विसरून बघत राहिला.

मग माझी पाळी आली. वडील गेले होते. गुलमंडीच्या मागं आमचं घर, खाली कापडाचं दुकान. ते दादाच्या एकट्याच्या नावावर करायचं होतं. कर्जासाठी बँकेला द्यायचा म्हणून मसुदा इंग्रजीत होता. चाचा वाचत आले आणि अडले. "रिलिंक्विश. मतलब?"

मी इंग्रजीची एम.ए., शाळेत आठवी-नववीला इंग्रजी शिकवणारी. चारचौघांत माझी तोंडी परीक्षा! "सोडून देणं," मी तुटकपणे म्हणाले.

"रस्त्यात रुमाल पडला तर हा शब्द लावशील?"

"नाही."

"चोरीला गेला तर?"

"नाही."

"का नाय?"

दादा घड्याळ बघत होता. "चाचा, करा ना टाइप. तिचं काय हाय त्यात? नुसती रीत हाय."

चाचांनी चष्मा काढला. त्यांचे वडील निजामाच्या कचेरीत कारकून होते. "आमचे अब्बा लिवायचे, दस्तबरदार. दस्त म्हंजे हात. ठेवलेला हात उचलणं. ठेवलेलाच नसंल तर उचलणार काय? जे आपलं हाय, त्यालाच हा लफ्ज लागतो, बेटी. तुझा भाऊ म्हणतो तुझं काय नाय. कागद म्हणतो, हाय. दोघांत खोटं कोण, ते आधी ठरव."

मला राग आला, तो दादाचा नाही, चाचांचा. दिवाळीला ज्या दारात भावाला ओवाळायचं, त्याच दारात वाटा मागायचा? "बहीणभावात भांडणं लावता का?" असं म्हणून मी मसुदा ओढून घेतला. शेजारच्या दुकानात दहा मिनिटांत छापून झाला. मी झोकात सही केली.

दोन वर्षांनी आई गेली. दिवस झाल्यावर मी दादाकडे एकच वस्तू मागितली: कापड मोजायचा बाबांचा पितळी टोकांचा गज. दुसरं काही नको होतं मला. "दुकानातली वस्तू हाय," दादा म्हणाला. "तुझं काय होतं त्यात?" तेच वाक्य. कागदावर माझ्याच सहीनिशी लिहिलं होतं की माझं होतं, म्हणून तर सोडलं! पोरांकडून क्रियापदांचे तक्ते घोकून घेणारी मी. मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. अजून वाटतं.

तशीच चाचांकडे गेले आणि रडले. त्यांनी पाणी दिलं, धीर दिला नाही. "आता तुला मतलब समजला. आता तुझ्यासमोर दुसरी कुणी न विचारता सही करंल, तर गुन्हा तुझा."

गेल्या थंडीत चाचा गेले. त्यांच्या जागी आता मोबाइलची कव्हरं लटकतात. तिथून जाताना माझं डोकं फिरतं. आत रोज बहिणी सह्या करतात, आणि विचारणारा कुणी नाही.

मागच्या महिन्यात, सासरे गेल्यावर, त्यांचा प्लॉट यांच्या एकट्याच्या नावावर करायचा कागद आमच्याच जेवणाच्या टेबलावर आला. इंग्रजीत. नणंद जालन्याहून आल्या होत्या, पिशवीत आमच्या मुलांसाठी चकल्या. "कुठं करू सही, वहिनी?" त्यांनी विचारलं. यांनी बोट ठेवून जागा दाखवली.

"ताई, या रिलिंक्विशचा मतलब काय?" मी म्हणाले. यांनी माझ्याकडे असं पाहिलं की दुसरी असती तर गप्प बसली असती.

"नुसती रीत आहे ना?" ताई म्हणाल्या.

"नाही," मी म्हणाले, आणि रुमालापासून सुरुवात केली. ठेवलेल्या हातापर्यंत येईस्तोवर माझा आवाज चढला होता.

ताईंनी पेन बाजूला सारलं आणि पंजा पसरून कागदावर ठेवला. "राहू दे मग इथंच," त्या हळूच म्हणाल्या.

हे तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. रागावू देत. मीही चाचांवर दोन वर्षं रागावलेच होते.