परत यायचं कारण

माझ्या धाकट्या भावाला सगळे थंडोबा म्हणतात. यात निम्मा दोष त्याच्या धंद्याचा. शीतगृहांची यंत्रं दुरुस्त करायची, म्हणजे आयुष्यभर दोन स्वेटर घालून दुसऱ्यांचे मासे आणि औषधं राखायची. बाकीचा निम्मा दोष स्वभावाचा. घराला आग लागली तर हा आधी चपला शोधेल. मी त्याच्या अगदी उलट. एका आईच्या पोटी दोन टोकं कशी आली, हे आईलाही शेवटपर्यंत कळलं नाही.

तो बायको-मुलीला घेऊन परदेशी गेला तेव्हा त्याची मुलगी ठमी रांगत होती. पुढे तिची आई तिकडेच आजारपणात गेली. मी म्हटलं, आता तरी परत ये, पोरीला बाईमाणसाची सोबत होईल. नाही आला. तिथे पगार चांगला होता, मान होता, आणि खरं सांगायचं तर त्याला ते गाव आवडायचं. पोरीच्या वेण्या घालायलाही तो तिथेच शिकला.

आणि मग एका सकाळी दोघं बॅगा घेऊन माझ्या दारात. खाली माझं कपडे अल्टर करायचं दुकान, वर दोन खोल्या. पोरीला वर आंघोळीला पाठवलं आणि विचारलं, "काय रे, असा अचानक?"

"कंपनीने नारळ दिला," तो म्हणाला. "जुन्या सगळ्यांनाच दिला. नोकरी गेली की तिथे राहायची परवानगीही जाते."

"मग मान खाली घालायला काय झालं? चोरी केलीस का?"

"ठमीला सांगितलंय की तिच्या शिक्षणासाठी परत जातोय. तूही तेच सांग, ताई."

झाकली मूठ सव्वा लाखाची. मीही ठमीला तेच सांगितलं. पण अशा गोष्टीला पाय फुटतात. समोरचा न्हावी म्हणाला, बाप असावा तर असा. शाळेतल्या बाईंनी त्याला बोलावून कौतुक केलं. आमच्याकडे कधी कौतुक न झालेला माणूस तो. हळूहळू त्याला ते मानवायला लागलं. आइस्क्रीमवाल्यांचे फ्रीज दुरुस्त करत हिंडायचा, तिकडच्या पगाराच्या मानाने चणेफुटाणे मिळायचे, पण कुणी विचारलं की ताठ होऊन सांगायचा, पोरीसाठी आलो.

पोरीने ते वाक्य जिवाला लावून घेतलं, हे वाईट झालं. मैत्रिणी सिनेमाला बोलवायच्या तर ही म्हणायची, "नको, बाबांनी माझ्यासाठी सगळं सोडलंय." हसायची वेळ असली तरी आधी पुस्तकाकडे बघायची. तिला डोळे तपासायचं शिक्षण घ्यायचं होतं. मी सुईत दोरा ओवायला लागले की लांबूनच बघायची आणि म्हणायची, "आत्या, तुझा नंबर वाढलाय. माझं पहिलं गिऱ्हाईक तूच." मी म्हणायचे, फुकटात तपासणार असशील तर. ते ऐकून हसायची, आणि परत पुस्तक.

तीन वर्षांनी तिला विद्यापीठात जागा मिळाली. गुणांवर मिळाली, कुणाची मेहेरबानी नाही. पण तिथे फीचे दोन दर. इथल्या रहिवाशांना एक, आणि बाहेरून आलेल्यांना त्याच्या कितीतरी पट. थंडोबाने दहा जन्म फ्रीज दुरुस्त केले असते तरी तो दुसरा दर भरणं शक्य नव्हतं. म्हणजे रहिवासी ठरली तर ठमी शिकणार, नाही ठरली तर नाही. सरळ हिशेब.

रहिवास ठरवणाऱ्या कचेरीत मीही गेले, कारण ही दोघं म्हणजे मुके आणि बहिरे. खिडकीमागच्या बाई वयस्क होत्या, बोलायला गोड. "तीन वर्षं इथे राहण्याची अट आहे, ती पूर्ण झाली," त्या म्हणाल्या. "आता एवढंच सांगा, परत यायचं कारण काय?"

थंडोबा ताठ झाला. "मुलीच्या शिक्षणासाठी."

बाईंचा हात थांबला. "फक्त शिक्षणासाठी?"

"हो," ठमीच म्हणाली, आणि तिचा चेहरा असा काही उजळला होता की बघवेना. "माझ्यासाठी नोकरी सोडून आले."

बाईंनी चष्मा काढला. "हे बघा, नियम असा आहे. जे केवळ शिकायला येऊन राहतात, त्यांचं राहणं रहिवास म्हणून धरत नाहीत. घरात कुणी आजारी होतं, नोकरी गेली, असं काही दुसरं कारण असेल तर सांगा. नीट आठवून सांगा." यापेक्षा जास्त ती बिचारी काय करणार? घास भरवायचाच बाकी ठेवला होता.

मी त्याच्या पावलावर पाय दिला. चांगला जोरात दिला. त्याने माझ्याकडे बघितलं, मग पोरीकडे बघितलं. पोर त्याच्याकडे बघत होती.

"दुसरं कारण नाही," तो म्हणाला.

पोरीला पुढे बसस्टॉपवर पाठवून मी त्याला भिंतीशी गाठलं. "काय मूग गिळून बसलास? तुझी इभ्रत मोठी की तिचं आयुष्य?"

"तिच्यासमोर कसं सांगू, ताई? तिच्याकडे माझी तेवढीच एक चांगली गोष्ट आहे."

यावर मी बोलले, भरपूर बोलले, पण ते इथे लिहिण्यासारखं नाही.

निकाल यायचा तोच आला. ठमी बाहेरची ठरली. दाद मागायची एक संधी होती, आणि ती सुनावणी मुलीच्या हजेरीतच व्हायची, कारण अर्ज तिचा. त्या आठवड्यात थंडोबा जेवायला बसायचा आणि ताट तसंच ठेवून उठायचा. शेवटी आदल्या दिवशी दुकानात आला, गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबला आणि म्हणाला, "सांगतो मी."

लांब टेबलामागे तिघं बसले होते. थंडोबाने सांगितलं. कंपनीने काढलं, परवानगी गेली, राहायला जागा उरली नाही म्हणून बहिणीकडे आलो. मुलीला लाजेपोटी खोटं सांगितलं. एवढं सलग मी त्याला कधी बोलताना ऐकलं नव्हतं.

"काढल्याचा कागद?" मधल्या साहेबांनी विचारलं.

"फाडून टाकला. हिच्या हाती लागू नये म्हणून."

"कंपनीकडून मागवा."

"ती विकली गेली, साहेब. कुणी उत्तर देत नाही."

मी म्हटलं, मी साक्षीदार आहे, त्याने आल्या दिवशीच मला सांगितलं होतं. साहेब म्हणाले, तुम्ही नात्यातल्या. मग पुढे वाकून त्यांनी थंडोबाला विचारलं, "स्पष्ट सांगा. नोकरी राहिली असती, तर मुलीच्या शिक्षणासाठी म्हणून तुम्ही परत आला असतात का?"

या प्रश्नाला तिच्या भल्याचं एकच उत्तर होतं, आणि खरं उत्तरही तेच होतं.

"नसतो आलो," थंडोबा म्हणाला. "तिची आई गेली तेव्हाही नाही आलो."

ठमी टेबलाच्या काचेकडे बघत होती. तिने मान वर केली नाही.

तिघांनी आपसात कुजबुज केली. मधले साहेब वाईट माणूस नव्हते, आवाजही चढवला नाही. म्हणाले, मागच्या वेळी बापलेक दोघांनी एक कारण सांगितलं. नियम कळल्यावर कारण बदललं. पुरावा काही नाही. फी वाचवण्यासाठी बनवलेली गोष्ट आम्हाला मान्य करता येत नाही. पहिला निर्णय कायम.

जन्मात एकदा माणूस खरं बोलला, आणि तेच खोटं ठरलं. मला साहेबांना चार शब्द ऐकवायचे होते. पण ठमी उठून उभी राहिली होती, खुर्ची नीट सरकवून ठेवत होती, आणि तिला बघून मीही पिशवी उचलून उठले.

घरी आल्यावर कुणी दिवा लावला नाही. थंडोबा बूट न काढता खुर्चीत बसला. मी चहा ठेवला. ठमी त्याच्यासमोर उभी राहिली आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "बाबा, तुम्ही तिथे म्हणालात ते फीसाठीच म्हणालात ना?"

थंडोबाने माझ्याकडे बघितलं. मी काही मदत केली नाही.

"हो गं," तो म्हणाला. "त्यांच्यासाठी म्हणायला लागलं. आलो तुझ्यासाठीच."

"बरं," ठमी म्हणाली.

मग तिने वाकून त्याचे बूट काढले, दाराशी नेऊन ठेवले आणि माझ्याकडे आली. "आत्या, त्या चौकातल्या औषधवाल्याला दुकानात मुलगी हवी होती ना? उद्या माझ्याबरोबर येशील?"