टाळ भलतीकडे पडतो

कीर्तन ऐकता ऐकता दुपारी माझा डोळा लागला. जागी झाले तेव्हा टीव्हीवर बुवांच्या जागी सुटाबुटातला एक जाडा माणूस गाल फुगवून पितळी बाजा वाजवत होता. बारातीच्या बँडात असतो तसलाच. चित्र जुनं, काळं-पांढरं. घामानं निथळत होता, पण कोट काढायला तयार नाही.

तेवढ्यात नात कॉलेजातून आली.

"आजी, तू जॅझ बघायलीस?"

"मी कुठं बघते? आपोआप लागलं."

"मी बघते ना, म्हणून टीव्ही तेच लावतो. बंद करू?"

"नक्को. घाम तरी पुसू दे त्याला."

पुढे रोज दुपारी ते आपोआपच लागत गेलं. रिमोटमध्ये बोललं की हवं ते लागतं, एवढं मला येतं, पण ते नातीला सांगितलं नाही. माझी शाळा चौथीपर्यंत. त्या गाण्यांतला एक शब्द कळत नाही. कीर्तनातले सगळे कळतात, तरी झोप येते.

त्या लोकांची एक खोड लक्षात आली. आपण जिथे टाळी देतो तिथे ते गप्प बसतात, आणि आपण गप्प बसतो तिथे देतात. आधी वाटलं, बेताल आहेत. थोड्या दिवसांनी माझीच बोटं खुर्चीच्या हातावर तसं करू लागली.

नल्लकुंट्यात आमचं बायकांचं भजनी मंडळ आहे. सासू गेल्यापासून टाळ माझ्याकडे. गळा मला नाहीच. टाळ गेला तर मंडळात मी फक्त चहापुरती. एका मंगळवारी अभंग मध्येच थांबला. मंडळ चालवणाऱ्या बाई, शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, हात वर करून माझ्याकडे बघत होत्या.

"काकू, टाळ चुकतोय."

"चुकत नाही. दुसरीकडे पडतोय."

"वयोमानानं होतं हो. आता तुम्ही नुसतं ऐकत बसा. टाळ दुसऱ्या कुणाला देऊ."

बायका लगेच हळहळल्या. एकीनं पाठीला उशी आणून दिली. उशी बघून माझं डोकं फिरलं.

"वय मधे आणू नका. जॅझ ऐकून तसा पडतोय."

"काय ऐकून?"

"टीव्हीवर लागतं. आपोआप."

उशीवालीनं शेजारणीकडे बघितलं. वय हातांवरून डोक्यात गेलं, असं दोघींचं ठरलं.

"पुन्हा धरा अभंग," मी म्हणाले. पहिलं कडवं सरळ वाजवलं. दुसरं त्या घामट माणसाच्या लोकांसारखं. तिसरं पुन्हा सरळ. दुसऱ्या कडव्यात तबलेवाली अडखळली आणि बाई स्वतःच ओळ चुकल्या.

"म्हणजे तुम्ही हे मुद्दाम करता?"

आधीचं मुद्दाम नव्हतं. पण वयापेक्षा मुद्दाम बरं.

"हौ."

"देवापुढे असलं चालत नाही, काकू."

"तो अजून काही बोलला नाही."

"मी बोलतेय ना!"

टाळ माझ्याकडेच राहिला. थकली म्हणून एखादीला बसवता येतं; वात्रट म्हणून काढायची आमच्या मंडळात पद्धत नाही. आता दर मंगळवारी बाई माझ्या अगदी समोर बसतात, हातांवर नजर ठेवून. हात सरळ चालतात. पायाचा अंगठा साडीखाली असतो.