विनोद लिहिणाऱ्या भावाचे तीन महिने

माझा धाकटा भाऊ हॉलिवूडमध्ये विनोदी पटकथा लिहितो, असं सांगितलं की लोकांचे डोळे चमकतात. त्यांनी त्याला तीन महिने घरात ठेवून बघावं.

आमच्याच शहरातल्या क्लेमेंटी भागाजवळच्या विद्यापीठात इंजिनिअरिंग करून, लागलेली नोकरी वर्षभरात सोडून तो अमेरिकेला गेला. पंधरा वर्षांत दुसऱ्यांच्या कितीतरी पटकथा त्याने दुरुस्त करून दिल्या. पडद्यावर नाव दोनदाच आलं. अखेर स्वतःची पटकथा स्वतःच दिग्दर्शित करायची संधी मिळाली. ती शांतपणे पूर्ण करायला म्हणून तो आमच्या बुकित बातोकच्या फ्लॅटवर आला, आणि आमची शांतता गेली.

जेवताना तो प्रसंग वाचून दाखवायचा आणि आमच्या तोंडांकडे बघत बसायचा. ऑफिसातून दमून आलेला माझा नवरा भिडेखातर हसायचा. मुलगी इथल्या शाळकरी इंग्रजीत सरळ सांगायची, "मामा, नॉट फनी, ला." मग "का नाही?" यावर तासभर चर्चा. गृहपाठ तसाच.

शेवट काही जमत नव्हता. नायिकेने फसव्या नवऱ्याला माफ करावं, असा स्टुडिओचा आग्रह. सातव्यांदा ऐकल्यावर मी भेंडी चिरता चिरता वैतागून म्हटलं, "ही माफ करणार नाही. दार लावून घेईल."

"ताई, विनोदी सिनेमा आहे हा."

"मग दार लावल्यावर हसू येईल असं लिही. मला कशाला विचारतोस?"

दोन दिवस तो रुसून खोलीतच लिहीत बसला. तिसऱ्या दिवशी त्याने नवा शेवट वाचला आणि माझ्या नवऱ्याला हसता हसता ठसका लागला. या वेळी हसू खरंखुरं होतं.

आठवड्याने सकाळी त्याला फोन आला. पटकथा स्टुडिओला फार आवडली. इतकी, की आता दिग्दर्शन एका नावाजलेल्या माणसाकडे गेलं होतं.

"आणि तू नुसतं 'बरं' म्हणालास?" मी ओरडले. "भांडलास का नाही?"

"भांडलो तर पुढचं काम मिळत नाही, ताई."

तो अंघोळीला गेला. शॉवर बराच वेळ चालू होता. बाहेर आला तेव्हा डोळे लाल होते. मी उपमा वाढला.

यंदा सिनेमा आला. आम्ही तिघं बघायला गेलो. शेवटी बाईने नवऱ्याला माफ केलं. थिएटरमध्ये कुणी हसलं नाही. लेखक म्हणून तीन नावं होती, त्यात याचं तिसरं.

बाहेर पडताच मी त्याला फोन लावला. "शेवट अगदी फालतू केलाय रे."

"माहितीये. ताई, नवीन लिहायला घेतलंय. डिसेंबरमध्ये येऊ का?"

मी नुसतं 'बरं, ये' म्हणाले. माझाच मला इतका राग आला!