उशिरा येणारा कोरस

बिनवायरचा माईक मी पहिल्यांदा पाहिला तो आमच्याच स्वयंपाकघरात, पोळपाटावर. घरात दुसरी सपाट जागा नाही म्हणून नवऱ्याने तो तिथे ठेवला होता म्हणे. चांगला जाडजूड होता आणि त्याच्या बुडातून वीतभर वायरची शेपटी लोंबत होती. मी विचारलं, "बिनवायरचा म्हणता, मग ही काय?" "ती एरियल आहे," असं म्हणून त्याने माझ्याकडे पाहिलं, पेटीवर माझा सूर चुकला की सासूबाई पाहायच्या अगदी तसं. मायलेकरांची ती नजर एकाच साच्यातली होती.

ही ऐंशीच्या दशकाच्या मधल्या वर्षांतली गोष्ट. आम्ही नाशिकरोडला एका कॉलनीत राहायचो. नवरा एकलहऱ्याच्या वीज केंद्रात मीटर दुरुस्त करायचा, मी शाळेत मास्तरीण. कॉलनीत बहुतेक घरं आमच्यासारखीच बौद्ध, कारकुनांची आणि कामगारांची. आणि कॉलनीतल्या बायकांची एक गाण्याची पार्टी होती. ती माझ्या सासूबाईंनी उभी केली होती. त्या मूळच्या चांदवडकडच्या, शाळेचं तोंड न पाहिलेल्या, पण दोनशे गाणी तोंडपाठ. सगळ्या त्यांना आक्का म्हणायच्या. सात-आठ बायका, वणीकडचा एक ढोलकीवाला आणि पेटीवर मी, एवढीच पार्टी. एप्रिलमधली जयंती, बुद्धपौर्णिमा, कुणाचं बारसं, कुणाचा गृहप्रवेश, अशा ठिकाणी आम्ही गायचो.

आम्हा सगळ्यांना मिळून एकच माईक असायचा, स्टँडवर उभा. त्याच्यापुढे कसं वागायचं याचे सासूबाईंचे नियम ठरलेले होते. "माईक म्हंजे पाणवठा हाय," त्या म्हणायच्या. "आपली पाळी आली का यायचं, भरायचं अन् मागं सरायचं. तिथंच बसून धुणं धुवायचं नाय." वरचा सूर लावताना त्या स्वतः पाऊलभर मागे जायच्या आणि त्यांच्या जागी कोरसच्या बायका पुढे झुकायच्या. गावातल्या पाणवठ्यावर त्यांची पाळी कधी येत असे, हे मी एकदा विचारलं होतं. त्या तांदूळ निवडत राहिल्या.

दुसरा नियम त्याहून कडक. त्यांनी ओळ म्हणायची, बायकांनी ती परत म्हणायची, आणि बायकांचा शेवटचा सूर पूर्ण विरल्याशिवाय पुढची ओळ उचलायची नाही. कोरसवर गायचं म्हणजे दुसऱ्याच्या बोलण्यात तोंड घालणं, असं त्यांचं मत. एकदा मी उत्साहाच्या भरात पेटीवर पुढची ओळ लवकर धरली, तर घरी येईपर्यंत त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. कौतुक करायची वेळ आली तर "पेटी बरी वाजली" एवढंच. तेही वर्षातून एखाद्या वेळी.

त्या वर्षी थंडी सरता सरता त्या मोरीत घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण डॉक्टरांनी सांगितलं की पावसाळ्यापर्यंत पलंग सोडायचा नाही. मी त्यांचं सगळं करायचे. अंग पुसायला बसले की त्या भिंतीकडे तोंड फिरवायच्या. माझं काही चुकत नव्हतं, कामाला हात चांगला होता माझा, पण दुसऱ्याच्या हातात स्वतःला द्यायचं हेच त्यांना सोसत नव्हतं. आम्हा दोघींत तोवर नमस्कारापलीकडे स्पर्श असा झालाच नव्हता.

जयंती जवळ आली. कॉलनीतला कार्यक्रम दरवर्षी त्यांच्याच गाण्याने सुरू व्हायचा. मंडळाची माणसं भेटायला आली, मोसंबी घेऊन, आणि फार अदबीने म्हणाली, "आक्का, तुमच्या गाण्याची मागच्या वर्षीची टेप आहे आमच्याकडे. सुरुवातीला तीच लावू. तुमचा मान राहील."

सासूबाई म्हणाल्या, "टेप मेलेल्या माणसाची लावत्यात."

माणसं गेल्यावर त्यांनी मला उशी सरळ करायला सांगितली आणि छताकडे बघत म्हणाल्या, "एकदा जागा सुटली का सुटली. मंग पुढल्या वर्षी कोन म्हनतंय, आक्का या." त्यांच्या आवाजात रडू नव्हतं, पण भीती होती. इतक्या वर्षांत मी ती पहिल्यांदा ऐकली. मला ती अजिबात आवडली नाही. ज्या बाईला आपण घाबरतो ती घाबरलेली बघवत नाही.

नवऱ्याने हा माईक आणला तो यासाठी. त्याच्या एका सहकाऱ्याचा भाऊ आखातातून आला होता, त्याच्याकडचा. माईकमध्ये बोललं की एफएमच्या पट्ट्यावर ते रेडिओत ऐकू यायचं. त्या वेळी नाशिकात त्या पट्ट्यावर नुसती खरखर असायची, त्यामुळे सगळा पट्टा आमचाच. नवऱ्याचा बेत असा, की सासूबाईंनी पलंगावरून गायचं, मैदानाच्या अलीकडच्या टोकाला रेडिओ ठेवायचा आणि तिथून वायर पलीकडच्या स्टेजवरच्या अ‍ॅम्प्लिफायरला न्यायची. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर, खिडकी मैदानाकडे, मध्ये रस्ता. मी म्हटलं, एवढा खटाटोप कशाला, रस्त्यावरून सरळ वायरच टाका की. तर म्हणे, मिरवणुकीचे ट्रक तिथूनच जाणार, त्यांच्यावरच्या कमानी एवढ्या उंच की वायर अडकून तुटेल नाहीतर कमान पडेल. हे मात्र बरोबर होतं.

जयंतीच्या दुपारी आम्ही चाचणी घेतली. स्टेजवर बायका आणि ढोलकीवाला, घरात सासूबाई आणि मी, आणि नवरा रेडिओचं बटण धरून मैदानात उन्हात. सासूबाईंनी शेपटी हातात धरली की रेडिओवरून आवाज सटकायचा, म्हणून मी माईक त्यांच्या तोंडापुढे धरला. त्यांनी पहिली ओळ उचलली. आवाज जरा थकलेला होता, पण होता तोच. तो मैदानापलीकडच्या कर्ण्यांतून मोठा होऊन निघाला आणि खिडकीतून आमच्याकडे परत आला.

परत आला तो उशिरा. क्षणभरच, पण उशिरा. सासूबाईंना वाटलं की कुणीतरी मागून गातंय. आणि मागून गाणाऱ्याला वाट द्यायची ही तर त्यांची आयुष्यभराची सवय. त्या अर्ध्या ओळीवर थांबल्या. स्वतःच्याच आवाजासाठी थांबल्या! त्या थांबल्या म्हणून तिकडे बायकांनी कोरस लवकर धरला, तोही आमच्यापर्यंत उशिरा पोचला, त्याचा शेवटचा सूर विरेपर्यंत त्या थांबून राहिल्या, आणि तिकडे ढोलकीवाला बिचारा रिकाम्या जागेत ठेका देत बसला. दोन कडव्यांत सगळा चिवडा झाला.

नवरा धावत वर आला. घामाने निथळत, पण समजावण्याच्या मोठ्या उत्साहात. "आई, गोदावरीच्या पलीकडच्या काठावर बाई धुणं आपटताना दिसते, आणि आवाज मागून येतो. तसंच हे. माईकचा दोष नाही."

"मंग दोष माझा हाय," सासूबाई म्हणाल्या.

त्याने सुचवलं की खिडकी बंद करू, कानात कापूस घालू. त्यावर त्या उसळल्या. "माझ्या बायांचा आवाज मला ऐकू आला नाय तर मी कोनासाठी गाऊ? भिंतीसाठी?" आणि मग एकदम शांत होऊन, "ऱ्हाऊ दे. लावा टेप."

तो खाली गेला. मी माईक पोळपाटावर नेऊन ठेवला आणि चहाचं आधण ठेवलं. मला राग आला होता, पण नेमका कुणाचा ते कळत नव्हतं. यंत्र ठीक होतं, गळा ठीक होता, बायका ठीक होत्या. अडत होतं ते त्यांच्या सभ्यतेपाशी. त्यांना कोरस संपायच्या आत पुढची ओळ उचलावी लागणार होती. म्हणजे त्यांच्या कानांना तसं वाटणार होतं, स्टेजवर मात्र सगळं जागच्या जागी पडलं असतं. पण स्वतःचे कान खोटं सांगताहेत हे मानायचं, तर मग खरं कोण सांगणार? चहा उतू गेला तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी ओट्यावर ठेका धरून उभी आहे.

मी जाऊन पलंगावर बसले. म्हटलं, "आई, मी आज पेटी वाजवणार नाही. मी इथे बसून तुमच्या हातावर ठेका देते. मी कशाचंच ऐकणार नाही, नुसती मोजणार. हात दाबला की उचलायचं. बायका गात असल्या तरी उचलायचं."

"बायांच्या तोंडावर?"

"तुम्हाला तसं वाटेल. त्यांना नाही वाटणार."

"अन् तू चुकली तर?"

"तर घरी येईपर्यंत माझ्याशी बोलू नका."

घरातच होतो आम्ही. त्या हसल्या नाहीत. मग म्हणाल्या, "च्या आन आधी."

संध्याकाळी मिरवणूक येऊन पोचली, मैदान भरलं. वंदना झाली. खालून नवऱ्याने रुमाल हलवला. मी डाव्या हाताने माईक धरला आणि सासूबाईंनी त्यांचा हात पांघरुणातून काढून माझ्या मांडीवर ठेवला. तळहात वर. भाकऱ्या थापून, गवत कापून चामड्यासारखा झालेला. मी त्यावर बोटांनी ठेका धरला.

पहिली ओळ गेली. त्यांचाच आवाज मागून आला, त्यांचे डोळे दचकले, पण त्या थांबल्या नाहीत. मग बायकांचा कोरस आला. तो अजून आमच्या खिडकीत पुरता पोचलाही नव्हता आणि मी त्यांचा तळहात दाबला. त्यांनी डोळे गच्च मिटून घेतले. आयुष्यात कधी न केलेली गोष्ट त्यांनी माझ्या हाताच्या भरवशावर केली. कोरसच्या अंगावर ओळ उचलली. मला धडकीच भरली, कारण आमच्या खोलीत सगळा गोंधळ ऐकू येत होता, दोन गाणी एकमेकांत घुसल्यासारखी. आपण बरोबर मोजतोय की नाही हे सांगणारं तिथे कुणीही नव्हतं. मी फक्त बोटं चालू ठेवली. कडव्यामागून कडवं त्या तशाच गात गेल्या, डोळे न उघडता.

गाणं संपलं. मैदानातून टाळ्या आल्या, त्याही उशिरा. थोड्या वेळाने ढोलकीवाला जिना चढून दारात आला. "आक्का, लय भारी! एक मात्रा इकडची तिकडं नाय झाली." सासूबाईंनी मान हलवली. माझ्या मांडीवरचा हात त्यांनी अजून काढून घेतला नव्हता. मला रडू फुटलं, म्हणून मी पाणी आणायला उठले. त्या रात्री अंग पुसताना त्यांनी भिंतीकडे तोंड केलं नाही. एवढंच. पेटी बरी वाजली वगैरे काही म्हणाल्या नाहीत, आणि पेटी तर वाजलीच नव्हती.

माईक ज्याचा त्याला परत गेला. पुढच्या वर्षी जयंतीला सासूबाई काठी टेकत स्वतः स्टेजवर चढल्या. त्यांच्यासाठी खुर्ची ठेवली होती, समोर स्टँडवरचा जुना माईक, शेजारी ढोलकी, मागे त्यांच्या बायका. सगळं हाताच्या अंतरावर, काहीच उशिरा येणार नव्हतं. मी पेटीचा भाता उघडला आणि सूर धरला. सासूबाईंनी समोरच्या गर्दीकडे पाहिलं, घसा साफ केला आणि माझ्याकडे न बघताच डावा हात पेटीवर ठेवला. तळहात वर.

माझा एक हात भात्यावर होता, दुसरा पट्ट्यांवर. मी दोन्ही काढून घेतले. ते गाणं त्या वर्षीही पेटीशिवायच झालं.