छाटलेलं शेपूट

आमच्या घरी कुत्र्याचं पिल्लू लाडाचं नसतं, कामाचं असतं. कळसच्या शिवारात आमची डाळिंबाची बाग आहे. फळ रंगावर आलं की चोर येतात. म्हणून कुत्रं तिखट हवं, अंगावर धावून जाणारं हवं, असं आमचे सासरे म्हणतात. सगळं घर त्यांना आबा म्हणतं आणि त्यांच्यापुढं कुणी तोंड उघडत नाही. मी अधूनमधून उघडते, म्हणून मी आगाऊ सून.

आमची कुत्री पहिल्यांदा व्याली, तेव्हा तिची बाकीची पिल्लं सकाळी एमआयडीसीकडं सुटलेल्या मोटारसायकलींखाली गेली. पांढऱ्या पायांचं एक तेवढं उरलं. गोठ्यातलं शेण काढता काढता मी त्या मायलेकरांना बघायचे. पिल्लू तिच्या भाकरीत तोंड घालायचं. ती आधी नुसती थांबायची. मग ओठ वर जायचा, मग घशातून बारीक गुरगुर यायची. तरी शहाणं हललं नाही, तर त्याचं अख्खं तोंड जबड्यात धरून जमिनीला टेकवायची. दात लावायची नाही. पिल्लू कान पाडायचं, शेपूट पोटाखाली घ्यायचं, उताणं व्हायचं. झालं, मिटलं. ती त्याचं पोट चाटायला लागायची. आमच्या घरात कुणाचं भांडण इतकं चटकन मिटलेलं मी अजून पाहिलेलं नाही.

आबांनी एकदा हे पाहिलं आणि त्यांचा पारा चढला.

"शेपूट घालतंय बेनं! आज आईपुढं घालतंय, उद्या चोरापुढं घालील."

"आबा, आई हाय त्याची. शिकवतीया ती त्याला."

"आता तू शिकीव मला."

पिल्लू तिखट व्हावं म्हणून त्याचे कान आणि शेपूट कापायची आमच्याकडं जुनी रीत आहे. आबांनी डाळिंबाच्या छाटणीची कात्री आणली. बागेतला रोग एका झाडाचा दुसऱ्याला लागू नये म्हणून ही कात्री दर झाडामागं औषधाच्या बादलीत बुडवतात. त्याच कात्रीनं त्यांनी शेपूट तोडलं, मग दोन्ही कान. पिल्लू किंचाळत होतं आणि पलीकडं कुत्री साखळीला हिसडे देत होती. आबांनी जखमेवर हळद दाबली आणि कात्री बादलीत बुडवली. औषध पिल्लासाठी नव्हतं, बागेसाठी होतं. मला त्या माणसाचा इतका संताप आला की त्या दिवशी आमटीत मी मूठभर मीठ जास्त टाकलं. आबांनी ती आमटी चवीनं खाल्ली.

मग पिल्लाला विहिरीवरच्या मोटारीच्या पत्र्याच्या खोलीत बांधलं. दुसरं कुत्रं त्याच्या नजरेला पडू द्यायचं नाही, माणसानं हात लावायचा नाही, नाहीतर ते मऊ पडतं म्हणे. मी भाकरी टाकायला जायचे आणि हात लावायचे. हात लावला की शेपटाचा खुंट थरथरायचा. आनंद झालाय की भीती वाटतेय, काही कळायचं नाही. डोळ्यांकडं बघून अंदाज बांधावा लागायचा.

फळ रंगावर आलं तशी त्याला बागेत सोडायची वेळ आली. नेमकी तेव्हाच कुत्री पुन्हा व्याली होती, फळांच्या रिकाम्या क्रेटच्या आडोशाला.

"आबा, आधी तिला बांधा. तिची पिल्लं लहान हायती," मी म्हणाले.

"लेकरू हाय तिचं. वळखील की."

सकाळी त्यांनी पिल्लाची साखळी सोडली. ते सरळ आईकडं पळालं. ती क्रेटपुढं उभी राहिली, ताठ. ओठ वर गेला. गुरगुर आली. ते थबकलं. त्याला सगळं आठवत होतं, मी शपथेवर सांगेन. मान खाली घातली, अंग जमिनीला चिकटवलं, खुंट दाबून धरला. ती बघत होती. पाडायला कान नव्हते, घालायला शेपूट नव्हतं. ते सरपटत पुढं आलं, लहानपणी तिचं तोंड चाटायचं तसं चाटायला. तिनं त्याचं तोंड जबड्यात धरलं, पूर्वीसारखंच. या वेळी दात लावले. उताणं व्हायला तिनं त्याला वेळच दिला नाही, गळाच धरला. मी खोरं घेऊन धावले, पण मी पोचले तेव्हा ती तोंड चाटत क्रेटकडं परतली होती.

आबा जवळ आले. त्यांच्या तोंडावर चक्क अभिमान होता.

"बघितलं का? शेवटपातूर शेपूट न्हाय घातलं."

"असतं तर घातलं असतं की, आबा. जगलं असतं."

ते माझ्याकडं न बघता बागेत गेले. नवरा कंपनीतून आला, त्याला सांगितलं. "जाऊ दे, कुत्रंच हाय," म्हणाला आणि हेल्मेट खुंटीला अडकवलं. पिल्लाला मी एकटीनंच बांधाला पुरलं.

नव्या वेतातलं एक काळं पिल्लू आबांनी निवडलंय. काल शेण काढताना बघितलं, तर कुत्रीनं त्याचं तोंड जमिनीला टेकवलं होतं. पिल्लानं कान पाडले, शेपूट पोटाखाली घेतलं. मी आधी मागं वळून आबा कुठं आहेत ते पाहिलं. ते ओट्यावर कात्रीला धार लावत होते. मी शेणाची पाटी टाकली आणि पदर पसरून त्यांच्या नजरेच्या आड उभी राहिले.

"आटप रं बाबा लवकर," मी पिल्लाला म्हणाले.