वाफताईंनी धुतलेली बरणी

इस्पितळाच्या तळमजल्यावर, धुलाईखात्याला लागून एक खोली आहे. तिथे कात्र्या, चिमटे, सुऱ्या, वाट्या असं सगळं कापडात बांधून एका भल्यामोठ्या पोलादी पिंपात ठेवतात आणि दाबाची वाफ सोडून असं शेकतात की त्यावर औषधालाही जंतू उरू नये. या खोलीचा कारभार गेली सत्तावीस वर्षं ज्यांच्याकडे आहे, त्यांना मोठ्या डॉक्टरांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे वाफताई म्हणतात. सत्तावीस वर्षांत त्यांच्या खोलीतून एकही गाठोडं कच्चं बाहेर गेलेलं नाही. हे त्या स्वतःच सांगतात, कुणी विचारायची वाट बघत नाहीत.

आता अशी बाई घरी येऊन तरी स्वस्थ बसेल? नाव नको! दाराच्या कड्या, नळाच्या तोट्या, टीव्हीचा रिमोट, सगळ्यांना रोज पुसणं आलंच. मुलगा शाळेत होता तेव्हा त्याचा प्लॅस्टिकचा डबा त्यांनी इतक्या वेळा उकळत्या पाण्यात घातला, की शेवटी झाकणाचं आणि डब्याचं पटेनासं झालं. चमचे जेवणाआधी उकळायचे आणि जेवणानंतरही. नवरा गाडी शिकवणाऱ्या शाळेत मास्तर. तो बिचारा म्हणायचा, "मलाही एकदा त्या पिंपात घालून काढ, म्हणजे सुखानं जेवायला बसतो." या मास्तरांचीही एक गंमत होती. जन्मभर शिकाऊ पोरांच्या शेजारी बसून त्यांच्या पायाला अशी खोड लागली होती, की घरात कुणी भलतंसलतं बोलायला लागलं की त्यांचा उजवा पाय आपोआप फरशीवर दाबला जायचा. बायकोच्या बाबतीत त्या ब्रेकचा आजवर काडीचा उपयोग झाला नव्हता, ते सोडा.

तर अशा घरात सून आली, ती एक काचेची बरणी घेऊन आली. सून चष्म्याच्या दुकानात भिंगं घासून फ्रेममध्ये बसवायची. हाताची हलकी, बोलायला मोजकी. लग्नाला तीन महिने झाले तरी घरात पाहुण्यासारखी वावरायची. पाणी प्यायचं तरी विचारून. वाफताईंनी तिला आपलंसं करायला जंगजंग पछाडलं होतं. तिच्या उशीचे अभ्रेसुद्धा उकळून दिले होते. तरी पोरगी "हो आई", "नाही आई", "चालेल आई" याच्या पुढे जाईना.

बरणीत होतं आंबवण. म्हणजे नुसतं पीठ आणि पाणी, पण रोज थोडं काढून, थोडं नवं घालून, वर्षानुवर्षं आंबवत ठेवलेलं. पाव फुगतो तो त्यानं. सुनेच्या आईनं ते लेकीच्या जन्माच्या वर्षी लावलं होतं, आणि त्याचा ती मक्याचा पाव करायची. सव्वीस वर्षं. लेक सासरी निघाली तेव्हा तिनं त्यातलं निम्मं बरणीत घालून दिलं. या घरात आल्यावर सुनेनं ती बरणी कपाटाच्या मागच्या कोपऱ्यात ठेवली. तिला रोज खाऊ घालायची, पण पाव काही अजून केला नव्हता.

मग एके दिवशी दुकानानं तिला नवं यंत्र शिकायला परगावी धाडलं, बारा दिवसांसाठी. निघताना तिनं बरणी कपाटातून काढून ओट्यावर ठेवली आणि म्हणाली, "आई, एवढं बघाल? रोज सकाळी थोडं काढून टाकायचं, आणि एक मोठा चमचा पीठ, एक चमचा पाणी घालायचं. बास. आल्यावर रविवारी पाव करू. माझी आईपण येणार आहे."

तीन महिन्यांत पोरीनं पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतं! वाफताईंना आभाळ ठेंगणं झालं. "तू काळजीच करू नकोस," त्या म्हणाल्या, "डोळ्यांत तेल घालून बघते."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी झाकण उघडलं आणि दोन पावलं मागे सरकल्या. वर करडं पाणी सुटलेलं, खाली चिखलासारखा लगदा, त्यात बुडबुडे, आणि वास तर असा आंबूस की नाकातले केस जळावेत. "अगं बाई, नासलं की हे!" त्या किंचाळल्या. पोरीनं विश्वासानं सोपवलेली वस्तू एका रात्रीत नासली. पण वाफताई हात बांधून बसणाऱ्यातल्या नव्हत्या. सगळा लगदा त्यांनी मोरीत ओतला, वर उकळतं पाणी सोडलं, बरणी साबणानं घासली, वीस मिनिटं खळखळ उकळली आणि स्वच्छ कोरडी करून त्यात नवं पीठ आणि नवं पाणी घातलं. पीठ-पाणीच तर होतं, पीठ-पाणीच घातलं. बरणी अशी लखलखत होती की मास्तरांनी त्यात बघून भांग पाडला असता.

संध्याकाळी सुनेचा फोन आला. "आई, बरणी उघडलीत का? बुडबुडे आले असतील ना? वर पाणी दिसलं तर घाबरू नका हं, भूक लागली की सुटतं त्याला. तो आंबट वास आला की समजायचं, सगळं ठीक आहे."

वाफताईंनी मोरीकडे बघितलं.

"आई? आहे ना ठीक?"

"हो हो," वाफताई म्हणाल्या, "अगदी ठीक."

पलीकडे खुर्चीत मास्तरांचा पाय फरशीवर दाबला गेला. फोन ठेवल्यावर ते म्हणाले, "खरं सांगून टाकायचंस की."

"काय सांगू? तुझ्या आईची सव्वीस वर्षं मी मोरीत ओतली, असं? ती पोरगी आत्ता कुठे माझ्याशी चार वाक्यं बोलायला लागलीय. हे कळलं तर जन्मात पुन्हा काही सोपवायची नाही मला."

"मग?"

"मग काय! नवं करणार. अकरा दिवस आहेत."

आणि मग त्या कामाला लागल्या. जन्मभर जंतू मारणारी बाई आता जंतू पाळायला बसली. रोज सकाळी बरणी बदलायची, म्हणजे नवी बरणी उकळून गरमागरम असतानाच त्यात पीठ ओतायचं. चमचा उकळायचा. झाकण उकळायचं. पीठसुद्धा बारीक चाळणीनं तीनदा चाळून, एकदम पांढरंशुभ्र. तीन दिवस झाले, बुडबुडा म्हणून येईना. बरणीत चिकटवायची खळ तेवढी तयार झाली. आणि रोज संध्याकाळी फोनवर सून विचारणार, "कसं आहे?" आणि या म्हणणार, "छान आहे." खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाचं खोटं, ते दिवसेंदिवस वाढतच जातं. चौथ्या दिवशी त्यांनी बुडबुड्यांचा आकारसुद्धा सांगितला.

पाचव्या दिवशी मात्र त्यांचं उसनं अवसान गळालं. दुपारच्या सुट्टीत त्या वरच्या मजल्यावर प्रयोगशाळेत गेल्या. तिथला तपासनीस जन्मभर बशांमध्ये जंतू वाढवत आलेला. या त्याच्या बशा उकडून द्यायच्या, म्हणून दोघांचं जुनं गमतीचं वैर होतं. त्याला त्यांनी सगळं सांगितलं. तो आधी हसला, मग खुर्चीवरून पडेस्तोवर हसला.

"वाफताई, तुम्ही? जंतू मागायला माझ्याकडे?"

"हसा, हसा. माझ्या घरात आग लागलीय आणि तुम्हाला हसू सुचतंय."

"अहो, गरम बरणीत घालता म्हणजे मारूनच टाकता की! आणि पीठ चाळता कशाला? ते कोंड्यावरच तर बसलेले असतात. भरड पीठ घ्या, चाळू नका. बरणी रोज बदलू नका. झाकण सैल ठेवा. फ्रिजच्या डोक्यावर ऊब असते, तिथे ठेवा. आणि मुख्य म्हणजे, ताई, जरा हात आवरा."

हात आवरा म्हणे! बोलायला काय जातं? पण वाफताईंनी आवरला. भरड पीठ आणलं. बरणीच्या कडेला पीठ वाळून चिकटलं तरी फडका उचलला नाही. हात पाठीमागे बांधून नुसत्या बघत राहायच्या. सातव्या दिवशी बरणीला मेल्या उंदरासारखा वास सुटला, तेव्हा मास्तर बाल्कनीत जाऊन बसले. तपासनीस म्हणाला होता की असं होतं, घालत राहा. त्या घालत राहिल्या. दहाव्या दिवशी पहाटे त्यांनी झाकण उचललं, तर आंबट, फळासारखा वास, आणि बरणीत काल केलेल्या खुणेच्या दोन बोटं वर चढलेलं, जाळीदार, जिवंत आंबवण! वाफताईंचा जीव भांड्यात पडला. मास्तरांना त्यांनी झोपेतून उठवून दाखवलं. सत्तावीस वर्षांत एखादं गाठोडं पक्कं निघाल्याचा आनंद त्यांना झाला नसेल, एवढा त्या चिखलाचा झाला.

सून आली. बरणी उघडून वास घेतला, किंचित थबकली, मग हसून म्हणाली, "छान ठेवलंत, आई." वाफताईंनी त्या हसण्याकडे बघायचं टाळलं.

शनिवारी संध्याकाळी सुनेनं मक्याचं रवाळ पीठ, ताक आणि बरणीतलं अर्धं आंबवण एकत्र कालवून झाकून ठेवलं. रविवारी सकाळी विहीणबाई आल्या. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात आयुष्य काढलेली बाई, दंडानं भक्कम, आवाजानं त्याहून. आल्या आल्या पदर खोचून ओट्याशी उभ्या. "काय विहीणबाई, लेक त्रास देत नाही ना?" वाफताई कशाबशा हसल्या. तिकडे सुनेनं पिठात अंडी, वितळलेलं लोणी, मीठ आणि चिमूटभर सोडा घातला. खोलगट लोखंडी तवा ओव्हनमध्ये कडकडीत तापवला, त्यावर लोणी टाकलं आणि ते चरचरत असतानाच सगळं ओतलं. पंचवीस मिनिटांत घरभर असा खमंग वास सुटला की वरच्या मजल्यावरची मंडळी जिन्यात डोकावून गेली.

पाव निघाला. कडेला तांबूस, कुरकुरीत, मध्ये पिवळाधमक आणि ओलसर. मास्तरांनी दोन फोडी खाऊन तिसऱ्याला हात घातला. वाफताईंचा मात्र घास तोंडात फिरत होता. त्या विहीणबाईंच्या जबड्याकडे बघत होत्या.

"जरा कोवळं लागतंय," विहीणबाई चावता चावता म्हणाल्या.

"नव्या घरची हवा, आई," सून म्हणाली.

"असेल, असेल. पण पाव झक्कास." आणि त्यांनी आणखी एक फोड घेतली.

झालं! निभावलं. कुणालाही ताकास तूर लागू दिली नव्हती. वाफताईंनी सुटकेचा श्वास घेतला, आणि तेवढ्यात विहीणबाईंनी पिशवीतून एक छोटी रिकामी बरणी काढली.

"आता एक मागणं आहे," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा तो भक्कम आवाज जरा खाली आला. "घर बदललं ना मी, तेव्हा सामानवाल्यांनी खोकं दोन दिवस उन्हात टाकलं. माझं आंबवण गेलं. पोरीला कळवलं नाही, तिचा जीव खालीवर झाला असता. म्हटलं, तिच्याकडे आहे की निम्मं. त्यातलं चमचाभर द्या, म्हणजे माझं मला परत मिळालं."

सुनेनं हसत बरणी पुढे ओढली. "घे की! तुझंच तर आहे."

वाफताईंनी बरणीच्या झाकणावर हात ठेवला.

"थांबा," त्या म्हणाल्या.

मास्तरांचा पाय फरशीवर दाबला गेला, पण त्या थांबणाऱ्या नव्हत्या. "हे तुमचं नाही. तुमचं मी मोरीत ओतलं. पहिल्याच दिवशी. नासलं असं वाटलं मला, म्हणून उकळत्या पाण्यानं बरणी धुतली. हे मी नवं लावलंय, जेमतेम आठवड्याचं आहे. तुम्ही हे घेऊन जाल आणि जन्मभर आपलं समजून सांभाळाल, ते मला बघवणार नाही. बाकी काय शिव्या घालायच्या त्या घाला."

सुनेचे डोळे भरले.

"रोज विचारत होते मी," ती म्हणाली. "बारा दिवस. आणि तुम्ही बुडबुडे केवढे आहेत ते सांगत होता! खोटं का बोललात, आई?"

"भ्याले."

"कुणाला?"

"तुला," वाफताई म्हणाल्या. "तू पहिल्यांदा काहीतरी माझ्या हातात दिलंस, आणि मी तेच मारलं. पुन्हा देशील की नाही, म्हणून भ्याले."

सून तोंड फिरवून खिडकीशी जाऊन उभी राहिली. विहीणबाई बराच वेळ रिकाम्या बरणीचं झाकण फिरवत होत्या. सव्वीस वर्षं काही थोडी नव्हेत, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मग त्यांनी झाकण काढून ओट्यावर ठेवलं आणि बरणी वाफताईंच्या पुढे धरली.

"द्या."

"अहो, पण सांगितलं ना, हे तुमचं नाही."

"ऐकलं मी. कान शाबूत आहेत माझे. माझं गेलं ते गेलं, तुमच्या हातून गेलं आणि माझ्याही हातून गेलं. हे लेकीच्या घरचं आहे. ती या घरी आल्यापासून मी काही मागितलं नव्हतं, आता मागतेय. द्या म्हणते ना!"

वाफताईंनी चमचा घेतला. सत्तावीस वर्षं सुऱ्या-कात्र्या हाताळलेला तो हात, पण आता असा थरथरायला लागला की चमचा बरणीच्या काठावर वाजू लागला. तेव्हा सून खिडकीकडून वळली, डोळे पुसत जवळ आली आणि आईच्या हातातली बरणी तिनं आपल्या दोन्ही हातांत घेतली.

"मी घट्ट धरते, आई," ती सासूला म्हणाली. "तुम्ही घाला."